फेटेवाला पुढारी आणि समुद्रमार्गे सायकल

“ही नेव्हर केम बॅक! बाबा, ही नेव्हर केम बॅक! यू लाइड!”

लेक मागच्या सीटवरून ओरडत होती आणि गाडीच्या काचा बंद होत्या, म्हणून बरं. उघड्या असत्या तर तो आवाज शारजा ओलांडून थेट अजमानपर्यंत गेला असता आणि आमच्या सातव्या मजल्यावर बायकोच्या हातातला कुकर निसटला असता. बाहेर जूनची दुपार. इतकी तापलेली, की शाळेच्या गेटावरचा वॉचमन शिट्टी तोंडात घालण्याआधी तिच्यावर फुंकर घालत होता. ती शिट्टी आमच्याचसाठी होती. पिक-अपच्या रांगेत गाडी उभी करून ठेवायची नसते. पण मी हलणार कसा? दहा वर्षांची मुलगी, डोक्याला लाल कोल्हापुरी फेटा, फेट्याचा शेमला सुटून गळ्यात आलेला, तुरा गाडीच्या छताला घासतोय, आणि ती रडत नाहीये. रडली असती तर मी काहीतरी केलं असतं. ती ओरडत होती.

“कोण नाही आला परत?” मी विचारलं. कोण ते मला पक्कं ठाऊक होतं.

“द चीफ! टीचर सेड ही डाइड देअर. इन द कॅम्प. एव्हरीवन लाफ्ड! यू सेड यू रेड इट!”

वाचलं होतं. तेच तर दुखणं होतं. ती पानं मी शब्दन्शब्द वाचली होती.

प्रकरण असं. शाळेनं पाचवीच्या मुलांना एकेक जुना पुढारी वाटून दिला होता. त्याचा वेश करायचा आणि पाच मिनिटं त्याचं आयुष्य सांगायचं. बाकीच्या मुलांना नोटांवर छापलेले, तिकिटांवर चिकटलेले ओळखीचे चेहरे मिळाले. आमच्या लेकीच्या वाट्याला आला एकोणिसाव्या शतकातला एक क्रीक पुढारी. क्रीक म्हटलं की दुबईत राहणाऱ्याला देऱ्याची खाडी आणि तिच्यातल्या अब्रा होड्या आठवतात, पण हे क्रीक म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक जमात. त्या पुढाऱ्याचं नाव इतकं लांबलचक, की पहिलं अक्षर अजमानला उच्चारायला घेतलं तर शेवटचं अबुधाबीत, रीम आयलंडला पोचल्यावर संपतं. म्हणून घरात आम्ही त्याला नुसतं ‘म्हातारा’ म्हणायला लागलो.

शाळेनं त्याच्यावरची दहा-बारा पानं छापून दिली होती. पहिल्या पानावर त्याचं चित्र. शाळेच्या प्रिंटरनं त्याचा पार कोळसा केला होता, तरी डोक्याला गुंडाळलेलं कापड दिसत होतं.

“फेटा!” मी टाळी वाजवली. “हा तर आपलाच माणूस.”

“बाबा, ही इज फ्रॉम अमेरिका.”

“असू दे. फेटा कोल्हापूरचा आहे.”

पानांवरचं इंग्रजी जुनं आणि जड होतं. मीच तिला म्हटलं, तू कशाला डोकं फोडतेस, मी वाचतो आणि रोज गाडीत तुला सांगतो. तिनं ती पानं माझ्या हवाली केली. मी ती डॅशबोर्डाच्या कप्प्यात ठेवली.

गाडीतच का, ते अजमानहून रोज दुबईला जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. तो सकाळचा जाम साधा नाही. त्या जाममध्ये शेजारच्या लेनमधल्या माणसांची ओळख होते, बोलणी होतात, लग्न ठरतं, मूल होतं, ते मूल दप्तर घेऊन शाळेला निघतं, आणि गाडी अजून त्याच पुलाखाली असते. पहाटे साडेपाचला आम्ही निघायचो. ती मागच्या सीटवर डबा उघडून पोहे खायची, मी आरशातून तिच्याकडे बघत गोष्ट सांगायचो. ती तीन वर्षांची होती तेव्हापासून हा आमचा शिरस्ता. त्या रस्त्यावर मी तिला काय काय सांगितलंय! आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक उंट अडकला होता आणि मी त्याला खजूर दाखवून मागे मागे चालवत बाहेर काढला, हे तिनं चार वर्षं खरं मानलं. ऑफिसातले लोक माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून उरलेलं ऐकायचे. बायको पाऊण वजा करायची. एकटी लेक काहीच वजा करत नसे.

आता एक गोष्ट मी मागे ठेवली होती, ती सांगून टाकतो. तिच्यात मला काही वाढवता येत नाही. जुमेरा लेक टॉवर्समधलं आमचं ऑफिस एप्रिलमध्ये बंद झालं. आधी एक मेल आली, मग घाईघाईनं दुसरी आली, की पहिली चुकून गेली, काळजी नसावी. आठवड्यानं तिसरी आली. तिच्यात पहिलीतलाच मजकूर होता, फक्त खाली ‘रिगार्ड्स’च्या जागी ‘वॉर्म रिगार्ड्स’ होतं. एकोणीस वर्षं मी या देशात होतो. नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की मोजके दिवस हातात राहतात. त्या दिवसांत दुसरी नोकरी शोधा, नाहीतर निघा. शोधली. मिळाली नाही. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला मुलाखतीत विचारायचे, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? मी म्हणायचो, इथेच, हबीबी, याच खुर्चीत, तुमच्या जागी. ते हसायचे. पुढे फोन यायचा नाही.

बायकोला सगळं माहीत होतं. लेकीला काही माहीत नव्हतं. मी रोज टाय लावून तिला शाळेत सोडायचो आणि तसाच पुढे जाऊन जुन्या ऑफिसाच्या खाली, तळ्याकाठच्या कॅफेटेरियात एका करक चहावर चार-चार तास बसायचो. म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य मी तिथे वाचलं.

आणि सकाळी जाममध्ये सांगितलं.

क्रीक लोकांच्या पंचायतीत एक माणूस असे, त्याचं काम बोलायचं. सगळ्यांनी बसून ठरवायचं आणि या माणसानं उभं राहून ते सांगायचं. म्हातारा तरुणपणी तेच काम करायचा. हे खरं, पानांत होतं. पुढचं माझं. तो बोलायला उभा राहिला की नदीपलीकडच्या शेतातली मक्याची कणसं वळून ऐकायची. गोरे लोक कानात कापूस घालून यायचे, तर कापसाला पालवी फुटायची.

“तुमच्यासारखं?” लेकीनं विचारलं.

“माझा आवाज त्याच्यापुढे काहीच नाही. मी फक्त लिफ्टमधला उंट काढला.”

मग त्यांच्यातल्याच एका सरदारानं सगळ्यांच्या मालकीची जमीन गुपचूप सही करून सरकारला देऊन टाकली. पंचायतीचा कायदा कडक होता: सगळ्यांची जमीन एकट्यानं विकली तर मरण. कायद्याप्रमाणे झालं.

“मग त्या सरदाराचं काय झालं?”

दहा वर्षांच्या मुलीला काय सांगणार? मी म्हटलं, “त्याला टर्मिनेट केलं.”

“लाइक इन ऑफिस?”

“हो. तसंच,” मी म्हणालो आणि उगाच हॉर्न वाजवला.

म्हातारा मग राजधानीत गेला. मोठ्या लोकांच्या समोर बसला, बोलला, आणि तो करार त्यानं रद्द करून घेतला. लेकीनं मागे पोह्यांचा डबा आपटून आनंद केला. मी पण केला. पण मग दुसरा करार आला. त्याच्यात थोडी जमीन वाचली असं वाटलं, मग तीही गेली. मला तो भाग वाचताना पान उलटायची गरज वाटली नाही. मला त्या पद्धतीच्या मेल आलेल्या होत्या.

शेवटी सगळ्या जमातीला गाव सोडून पश्चिमेला, दूरच्या मुलखात जावं लागलं. म्हातारा आयुष्यभर जाणार नाही म्हणत होता, आणि मग त्यालाच आपल्या लोकांना घेऊन निघावं लागलं. वाटेत फार माणसं मेली. मी ते लेकीला सांगितलं नाही. मी सांगितलं की निघण्याआधी म्हाताऱ्यानं गावातल्या प्रत्येक झाडाचा निरोप घेतला. एकूण एक झाड. मिठी मारायची, कानात काहीतरी सांगायचं, पुढच्या झाडाकडे जायचं. चाळीस दिवस लागले. सोबतचे शिपाई कंटाळून झोपून गेले, त्यांच्या दाढ्या वाढल्या, दाढ्यांत चिमण्यांनी घरटी केली. हे सगळं मी शारजाच्या पुलाखाली बसून रचलं, आणि मला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं.

“पण ही वॉज कमिंग बॅक, राइट?” लेकीनं विचारलं. “देन व्हाय से बाय टु एव्हरी ट्री?”

मी आरशात बघितलं. तिच्या ओठाला एक पोहा चिकटला होता. पोरांना असे प्रश्न कुठून सुचतात देव जाणे. सुदैवानं लेन हलली.

म्हाताऱ्याच्या शेवटाची पानं मी ज्या दिवशी वाचली, त्याच दिवशी मी व्हिसा रद्द केल्याचा कागद घेऊन आलो होतो. दोन्ही कागद कॅफेटेरियाच्या टेबलावर शेजारी शेजारी होते, वर चहाचा पेला ठेवला होता उडू नयेत म्हणून. पश्चिमेच्या मुलखात म्हातारा खरंच म्हातारा झाला. तिथे नवी घरं बांधून, शेतं लावून लोक जरा कुठे स्थिरावले होते, तेवढ्यात गोऱ्यांची आपसात लढाई लागली. त्याची जमातही फुटली. म्हाताऱ्याला कुणाच्याच बाजूनं लढायचं नव्हतं. हजारो माणसं त्याच्यामागे आली, बायका, पोरं, गुरं, गाड्या, गुलामीतून सुटू बघणारे काळे लोकसुद्धा. त्या सगळ्यांना घेऊन तो ऐन थंडीत उत्तरेला निघाला. वाटेत तीनदा हल्ला झाला. तिसऱ्यांदा सगळं गेलं. गाड्या, धान्य, पांघरुणं. बर्फातून अनवाणी माणसं चालत गेली. उत्तरेला पोचली तर तिथे मदतीचं फक्त नाव होतं. छावणीत थंडीनं आणि आजारानं माणसं मरत राहिली. म्हातारा घरी परत जायची वाट बघत तिथेच मेला. त्याला त्याच्या मुलीच्या शेजारी पुरलं.

एवढंच. पान संपलं.

दुसऱ्या दिवशी जाममध्ये मी उत्तरेपर्यंत पोचलो आणि उगाच आरसा नीट करायला लागलो. लेक पुढे वाकली.

“देन दे वेंट होम, राइट?”

“म्हणजे काय!” मी म्हणालो. “गेले की! वसंत ऋतू आला, बर्फ वितळला, म्हातारा पांढऱ्या घोड्यावर बसला, मागे सगळे लोक. गावात शिरले तर झाडांनी ओळखलं त्याला. फांद्या खाली वाकवल्या.”

ती इतकी हसली. मी खुश झालो. त्याच तोंडानं, त्याच सकाळी मी तिला सांगितलं की या सुट्टीत आपण पुण्याला मावशीकडे जाणार, तीस दिवस, मग परत.

बायको संध्याकाळी म्हणाली, “तिला सांग.”

“टेस्ट होऊ दे.”

टेस्ट झाली. “आता सांग.”

“प्रेझेंटेशन होऊ दे. फेटा बांधून उभी राहायचीय तिला, आता कशाला.”

“मी नाही सांगणार,” बायको म्हणाली. “लिफ्टमधला उंट तू काढलास, हेही तूच काढ.”

प्रेझेंटेशनच्या दिवशी फेटा मीच बांधला. गणपतीच्या डेकोरेशनच्या बॉक्समधला तुरा लावला. बायको म्हणाली, “अरे, तो पुढारी आहे का नवरदेवाचा मामा?” आणि गंमत बघा. माझी मूळ थाप खरी निघाली. टीचरनं वर्गात सांगितलं, की क्रीक पुढारी खरोखरच असं कापड डोक्याला गुंडाळत, वर पीसही लावत, वेश सगळ्यात चांगला आमच्या मुलीचाच. आणि मग ती म्हणाली, पण बेटा, तो परत आला नाही. मी जे अंदाजपंचे ठोकलं ते बरोबर होतं, आणि जे पांढऱ्यावर काळं वाचलं होतं तेच मी बदललं होतं.

तर असे आम्ही त्या गेटासमोर होतो. मागे हॉर्न, पुढे शिट्टी. ओरडून ओरडून लेक थकली. मग एकदम हळू आवाजात म्हणाली:

“बट वी आर कमिंग बॅक, राइट? आफ्टर थर्टी डेज?”

सांगायला इतकी चांगली जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. मी तोंड उघडलं. वॉचमननं येऊन बॉनेटवर हात मारला, “यल्ला, यल्ला, भाई, आगे!” आणि मी म्हणालो, “ऑफ कोर्स!” वॉचमनला नाही. तिला.

दुसरा दिवस शाळेचा शेवटचा. तिची एक मैत्रीण होती, केजीपासून एकाच बाकावर. दोघींची सुट्टीतली विमानं वेगवेगळी, तिचं त्याच रात्री केरळला. गेटाशी दोघींनी एकमेकींना एक टाळी दिली. ‘सी यू आफ्टर समर,’ माझी लेक म्हणाली, आणि ती मैत्रीण धावत बसकडे गेली. तिनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. कशाला बघेल? मी गाडीत बसून हे सगळं बघितलं. माझ्या तोंडात पन्नास गोष्टी होत्या. एक चालली असती, तीच मी सांगितली नाही.

शनिवारी चाचा आले. आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारे, मूळचे रत्नागिरीकडचे. खाली त्यांचं कार्गोचं छोटं दुकान. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे खोके समुद्रमार्गे घरी पाठवतायत, स्वतः अजून इथेच. चाचांची खोका बांधायची एक पद्धत होती. टेप चारदा, दोरी दोनदा, आणि मार्करनं नाव सहाही बाजूंना. सहाही. “जहाजात खोका कसा पडेल सांगता येत नाय,” ते म्हणायचे. “उलटा पडला तरी नाव वर हवं.” सुट्टीवर जाणाऱ्याचे दोन खोके असतात. आमचे चौदा होते. लेकीला मी सांगितलं होतं, मावशीकडे सामान नाही, बिचारीला देऊन येऊ. बिचाऱ्या मावशीकडे तीन फ्रिज आहेत.

सायकल सगळ्यात शेवटी राहिली होती. निळी, गेल्या वाढदिवसाची. चाचांनी चाकं काढली, पेडल काढली, सगळं पुठ्ठ्यात गुंडाळायला घेतलं. लेक फरशीवर मांडी घालून बघत होती.

“चाचा, हाऊ मेनी डेज फॉर इट टु रीच?”

“समुद्राचा माल तो, पोरी. चाळीस दिवस. पावसाळा आहे, पंचेचाळीस धर.”

चाचा मार्कर घेऊन पहिल्या बाजूला नाव लिहायला लागले. दुसऱ्या. तिसऱ्या. लेक बोटं मोजत नव्हती. पाचवीतल्या मुलीला तीस आणि पंचेचाळीस मोजायला बोटं लागत नाहीत. तिनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

“बट वी आर देअर फॉर थर्टी.”

मार्कर चौथ्या बाजूवर थांबला. चाचांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

“पोरीला सांगितलं नाहीस होय रे?”

चाचांनी मार्करचं टोपण लावलं, गुडघ्यावर हात टेकून उठले, म्हणाले, “मी जरा खाली जाऊन येतो, टेप संपली.” टेपची तीन अख्खी रिळं समोर पडली होती.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, तिथेच राहिली.

मी पुठ्ठ्यावर लेकीच्या समोर बसलो. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट काहीही न वाढवता सांगितली. ऑफिस बंद झालं. व्हिसा रद्द झाला. आपण पुण्याला राहायला जातोय. तिथे दुसरी शाळा आहे. आपण परत येत नाही. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. त्या जाममध्ये मी महिनोन्‌महिने बडबडलो होतो आणि खरं सांगायला अर्धं मिनिट पुरलं.

“सो यू वर नॉट गोइंग टु ऑफिस?”

“नाही.”

“विथ द टाय?”

“टाय लावून. तळ्याकाठी बसायचो. म्हाताऱ्याची पानं वाचायचो.”

ती ओरडेल म्हणून मी वाट बघितली. गेटासमोर ओरडली तशी. ओरडली नाही.

“टेल मी द रिअल वन,” ती म्हणाली.

मग मी म्हाताऱ्याचा खरा शेवट सांगितला. बर्फ, छावणी, वाट बघणं. पांढरा घोडा नव्हता. झाडांचा निरोपही पानांत नव्हता, तो मीच घातला होता, हेही सांगितलं. त्याला मुलीच्या शेजारी पुरलं, हेही सांगितलं. तिथे तिनं मला थांबवलं.

“हिज डॉटर. डिड ही टेल हर? दॅट दे आर नॉट गोइंग बॅक?”

पानांत तेवढं नव्हतं. त्याच्या मुलीबद्दल त्या दहा-बारा पानांत एकच ओळ होती, आणि ती पुरण्याची. दुसरं कुणी विचारलं असतं तर मी तिथल्या तिथे बाप आणि लेकीचा असा संवाद रचला असता, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांतून अरबी समुद्र वाहिला असता. मी म्हटलं, “माहीत नाही.”

बायको आत आली. “मैत्रिणीला फोन लावू या का, शोना? केरळला असेल ती. व्हिडिओवर बोल.”

“व्हॉट विल आय से?” लेक म्हणाली. “आय ऑलरेडी सेड सी यू.”

मग ती उठली आणि अर्धवट गुंडाळलेल्या सायकलचा पुठ्ठा बाजूला करून हँडलची घंटी काढायला लागली. स्क्रू घट्ट होता. मी पुढे झालो तर तिनं कोपरानं मला अडवलं. स्वतःच काढली, खिशात टाकली. चाचा चहा घेऊन वर आले, टेप न आणता, आणि त्यांनी काही न विचारता उरलेल्या तीन बाजूंना नाव लिहिलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही निघालो. दुपारचं विमान होतं, शारजाहून. चाचा सोडायला आले, गाडीत पूर्ण वेळ हवेबद्दल बोलले. फेटा बायकोनं माझ्या शर्टांत गुंडाळून ठेवला होता. सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये सायकलची घंटी वाजली, तिथल्या बाईनं ती उचलून बघितली, पुन्हा वाजवली, हसून परत दिली. लेकीनं ती घेतली.

पासपोर्टच्या काउंटरवर पांढराशुभ्र कंदुरा घातलेला एक तरुण अधिकारी होता, खुशालचेंडू. आमचे तिन्ही पासपोर्ट हातात घेतले, अजून मशीनवर ठेवले नव्हते, आणि काचेवरून वाकून लेकीकडे बघत म्हणाला, “छुट्टी? इंडिया? आते टाइम मेरे लिए मँगो लाना, ओके?”

माझ्या अंगात वारं शिरलं. जीभ आपोआप सुटली. “मँगो? अरे हबीबी, एक नहीं, पाँच पेटी! हापूस! सीधा झाड से, आपके काउंटर पे! इन्शाल्ला!” जुलै लागला होता. हापूस संपून महिना झाला होता. अधिकारी मोठ्यानं हसला, मी त्याहून मोठ्यानं हसलो, बायकोनं जमिनीकडे बघितलं.

“वी आर नॉट कमिंग बॅक, अंकल,” लेक म्हणाली.